राईट फील्डच्या पोरी

आमच्या पी.टी.च्या बाई कोणाच्या हातात वस्तू देत नसत. फेकत. खडू असो, पेरू असो, तपासलेली वही असो, बाईंच्या हातून सुटलेली वस्तू हवेतूनच यायची, आणि फेकण्याआधी "घे" म्हणायची पद्धत त्यांच्यात नव्हती. कोणी तक्रार केली की म्हणायच्या, "सांगून आला तर तो चेंडू कसला व? तो पाहुणा झाला."

वर्गात हे चालून गेलं. संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकवाला आल्या तेव्हा मात्र माझी शोभा झाली. ओसरीवर गावातल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. मायनं बाईंच्या हातावर तिळाचे दोन लाडू ठेवले. एक त्यांनी तोंडात टाकला. तेवढ्यात मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले, आणि बाईंनी दुसरा लाडू बायांच्या डोक्यांवरून सरळ माझ्याकडं सोडला. मी डाव्या हातानं झेलला. उजव्या हातातलं पाणी थेंबभर सांडलं नाही. बाईंचा चेहरा असा खुलला की जणू मला सोन्याचं पदक मिळालं. मग कोपऱ्यातली एक म्हातारी मायला म्हणाली, "पोरगी हाय का वानर हाय व तुही?" मायनं हसून वेळ मारून नेली, पण बाया गेल्यावर ती माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. मला त्या लाडवाची लाज वाटली, झेलल्याची त्याहून जास्त वाटली, आणि बाईंची तर इतकी वाटली की रस्त्यात त्या समोरून आल्या की मी गल्ली बदलायची.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या करडीजवळचं. धानाचं गाव. आणीबाणी उठली त्याच्या आसपास बाई आमच्या हायस्कुलात आल्या. नेसायला साधं सुती लुगडं, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात मंगळसूत्र असतं त्या जागी काळ्या दोऱ्यात शिट्टी. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून गावानं आपलं आपणच ठरवून टाकलं की बाईचं लग्न शिट्टीशी लागलं आहे. त्या एक खोली घेऊन राहायच्या, एकदाच रांधायच्या आणि तेच दोन्ही वेळा खायच्या. "दुसऱ्या वेळचा सैपाक म्हणजे एक प्रॅक्टिस बुडली," हा त्यांचा हिशेब.

तोपर्यंत आमच्या गावात पोरींचा खेळ म्हणजे फुगडी, लंगडी, फार तर खो-खो. बाईंनी सॉफ्टबॉल आणला. धान कापून झालं की गावाबाहेरच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, मोकळी पडायची. त्यातली एक त्यांनी मागून घेतली. पोत्यात धानाचा कोंडा भरून धावताना गाठायचे बेस शिवले. पहिला बेस एकदा कोणाच्या तरी बैलानं फाडून अर्धा खाल्ला, तर बाईंनी त्या दिवशी बैलाच्या मालकालाच तिथं उभं केलं. घसरून बेस गाठायचं शिकवायला तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, थर पसरला. चेंडू मारायच्या दांड्याला आम्ही सगळे स्लगर म्हणायचो, तो शाळेनं घेतला. कॅचरच्या छातीला बांधायचं कवच मात्र परवडत नव्हतं. ते बाईंनी जुन्या वाकळेचे घट्ट थर टाचून घरी केलं. त्याला कायम भाजलेल्या लसणाचा वास यायचा.

सॉफ्टबॉलमध्ये मैदानावर नऊ जणी उभ्या राहतात आणि प्रत्येकीची जागा वेगळी. दुसऱ्या शाळांत ज्या पोरीला जी जागा जमते, ती तिची. आमच्या बाईंचा नियम जगावेगळा होता. प्रत्येक पोरीला नऊही जागा यायला हव्या. आज पिचर, उद्या फर्स्ट बेस, परवा पार मैदानाच्या टोकाला. या नियमापायी मी सगळ्या जागांवर माझं हसं करून घेतलं.

पिचरला हात खालून फिरवून चेंडू टाकावा लागतो. त्याच्या सरावाला बाईंनी कडुनिंबाच्या फांदीला पितळेची थाळी टांगली होती. कुंदा माझी मैत्रीण. तिचा चेंडू लागला की थाळी देवळात वाजावी तशी वाजायची. माझ्या चेंडूनं थाळी कधी वाजली नाही, पलीकडं चरणारी बकरी तेवढी ओरडली. फर्स्ट बेसवर सगळ्यांचे चेंडू अंगावर येतात, तिथं मी डोळे मिटायची. एकदा मिटले ते ओठ फुटल्यावरच उघडले. शॉर्ट स्टॉपला उभी केली तर चेंडू माझ्या दोन पायांच्या मधून वाट काढून जायचे. लेफ्ट फील्डला मी तलावावरचे बगळे बघत राहिले आणि चेंडू माझ्या मागं जाऊन पडला. पोरी पोट धरून हसल्या. त्या दिवशी रडत घरी आले, आणि ठरवलं की उद्यापासून पोटदुखीचं सोंग करायचं.

दुसऱ्या दिवशी माझं सोंग सुरू व्हायच्या आत बाईंनी माझ्याकडं कॅचरचा मास्क फेकला. नागपूरहून कोणाचा तरी जुना आणला होता, तारांच्या जाळीचा. तो तोंडावर चढवला, होमच्या, म्हणजे स्लगर घेऊन खेळणारी उभी राहते त्या जागेच्या, मागं गेले, आणि काय झालं कोण जाणे, माझे डोळे उघडे राहिले. मास्कच्या आड मला कोणी पाहत नव्हतं. मी मात्र सगळं मैदान पाहत होते. चेंडू येत गेला, मी धरत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट येत होती.

आता पंचाईत एकच होती. कॅचरला उकिडवं बसावं लागतं, गुडघे फाकून. त्यात स्पर्धेसाठी बाईंनी शिवलेल्या त्या पँटी, ना धड हाफ ना धड फुल. बांधावर गावातली पोरं येऊन बसायची. मी बसले की एक जण हटकून ओरडायचा, "लोटा आणून देऊ काय?" बाकीचे दात काढायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी अर्धवट वाकून उभी राहायची आणि खालून येणारे चेंडू सुटायचे.

"काहून बसत नाही व?" बाईंनी विचारलं.

"लाज वाटते, बाई."

"चुलीपुढं कशी बसते? अंगण सारवते तवा कशी बसते? तवा कोणी लोटा आणते का? मंग इथंच कायची लाज?"

एवढं बोलून त्या बांधावर गेल्या आणि त्या पोरांना म्हणाल्या, "तुम्हीबी बसा रे. ही उठत नाही तोवर उठाचं नाही." पोरं आधी हसत बसली. मग एकेकाचे पाय भरून आले. लोटा विचारणारा पाठीवर उताणा पडला. मी बसलेलीच होते. पण सांगायचं तर, त्यानंतरही लाज गेली नाही. बाईंना वाटायचं लाज घामासारखी असते, पळाली की निघून जाते. माझी मुरलेली होती.

आणि तिला कारण होतं. सुमन नावाची आमच्यात एक पोरगी होती. तिच्या काकानं तिला तणसावर घसरताना पाहिलं. परकर गुडघ्याच्या वर गेलेला. सोमवारी सुमन शाळेत आली नाही, आणि नंतर कधीच आली नाही. बाई तिच्या घरी जाऊन आल्या, हात हलवत परत आल्या. त्या दिवसानंतर आम्हा प्रत्येकीला कळून चुकलं होतं की घरच्या माणसानं पाहिलं की खेळ तर जाणारच, शाळाही जाणार. माझ्या थोरल्या बहिणीला सातवीतून काढलं होतं. मी नववीत होते, ते केवळ बाबांच्या मनात अजून काही आलं नव्हतं म्हणून.

सुमन गेल्यावर बाई एकेका पोरीच्या घरी जाऊन आल्या. आमच्याही घरी आल्या. बाबा अंगणात दोर वळत बसले होते.

"पोरीले खेळाले पाठवता ना जी?" बाई म्हणाल्या.

"काय करा लागते तिले?" बाबांनी विचारलं.

"काही नाही करा लागत. राईट फील्डले उभी राह्यते. मैदानाच्या पार शेवटी. झाडाच्या सावलीत. चेंडू येतच नाही तिकडं."

"नुसती उभी राह्यते?"

"नुसती उभी."

बाबांना ते पटलं. उन्हातान्हात धानाची रोवणी करणाऱ्या पोरीनं सावलीत उभं राहण्यात वाईट काय? पुढं कळलं की बाईंनी नऊही घरी हेच सांगितलं होतं. नऊ बापांच्या नऊ मुली, सगळ्या राईट फील्डला. एकदा धानाच्या गिरणीवर दोन बाप भेटले आणि दोघांचंही म्हणणं पडलं की आपली पोरगी राईट फील्डला असते. त्यातल्या एकानं बाईंना रस्त्यात गाठून विचारलं, "सगळ्या पोरी एकाच जागी उभ्या राहून करतेत काय जी?"

"गोष्टी करतेत," बाई म्हणाल्या. त्यालाही ते पटलं.

प्रत्येकीला नऊ जागा कशाला यायला हव्या, ते आम्हाला तेव्हा कळलं. कोणाचा बाप, भाऊ, मामा मैदानाकडं येताना दिसला की बाई ओरडायच्या, "वारा फिरला व पोरींनो!" की जिचा माणूस असेल ती पळत राईट फील्डला, राईट फील्डची तिसऱ्या बेसवर, तिसऱ्या बेसची तिच्या जागी. माणूस बांधावर टेकायच्या आत त्याची पोरगी लांब झाडाखाली साळसूद उभी. तो थोडा वेळ बघायचा, कंटाळायचा, निघून जायचा. वारा पुन्हा फिरायचा. तालुक्याच्या स्पर्धेत दुसऱ्या शाळेच्या पी.टी. सरांना हा मोठाच डावपेच वाटला. पुढच्या वर्षी त्यांनीही आपल्या पोरींच्या जागा मधेच बदलायला सुरुवात केली आणि सपाटून हरले. बाईंना येऊन विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या हिशेबानं बदलता?" बाई म्हणाल्या, "नात्याच्या."

बाईंची बदली झाली ती मी शाळा सोडल्यावर. निरोपाला मुख्याध्यापकांनी शाल आणि नारळ दिला. बाईंनी आभाराचं एक वाक्य बोलून नारळ पोरींच्या घोळक्यात भिरकावला. कोणी झेलला नाही. तो फरशीवर फुटला, पाणी उडालं. "अजून लक्ष नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. कुठं गेल्या, पुढं काय केलं, मला ठाऊक नाही. मला त्यांच्याबद्दल जे खरं ठाऊक आहे ते भंडाऱ्याच्या मैदानावरचं आहे.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. जिंकलो तर नागपूरला जायचं होतं. आमच्यातल्या बहुतेकींनी नागपूर पाहिलं नव्हतं. समोर शहरातली मुलींची शाळा. त्यांच्या हातात खरे ग्लोव्ह, कॅचरच्या छातीला खरं कवच, आणि माझ्या छातीला वाकळ. त्यांच्यातली एक तोंडावर रुमाल धरून हसली. मी मास्क खाली ओढला.

कुंदा पिचिंगला होती, आणि त्या दिवशी तिचा हात असा चालत होता की शहरातल्या पोरी स्लगर हवेत फिरवून परत जात होत्या. आम्ही एका रननं पुढं होतो. खेळ उताराला लागला आणि बाई ओरडल्या, "वारा फिरला!" मैदानाच्या फाटकातून कुंदाचा मोठा भाऊ येत होता. तो तापट म्हणून गावात प्रसिद्ध. कुंदा चेंडू टाकून राईट फील्डला पळाली. तिच्या जागी तिसऱ्या बेसची पोरगी आली. सगळं सरावाप्रमाणं झालं, पंचांनी मान हलवली, खेळ चालू.

आणि मग माझे बाबा आले.

मोठ्या आतेबहिणीच्या लग्नात द्यायला पितळेचा गुंड, म्हणजे पाणी भरायचा मोठा हंडा, घ्यायला ते भंडाऱ्याला आले होते. खांद्यावर पोत्यात बांधलेला गुंड, धोतर, टोपी. लाऊडस्पीकरवर आमच्या शाळेचं नाव ऐकून वळले असतील. होमच्या मागच्या गर्दीत, माझ्यापासून जेमतेम दहा-बारा हातांवर, ते वाट काढत होते. अजून त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

मी ताडकन उभी राहिले. राईट फील्ड एकच असतं, आणि तिथं कुंदा होती. मला दुसरीकडं कुठं पाठवावं तर कॅचरला बसणार कोण? शिकल्या सगळ्या होत्या, पण सामन्यातला वेगाचा चेंडू धरणारी माझ्याखेरीज एकच पोरगी होती, आणि ती आता पिचिंग करत होती. मी बाईंकडं पाहिलं. त्यांनी राईट फील्डकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्या बाईला काय करावं ते सुचत नाही असं मी पहिल्यांदा पाहत होते.

चेंडू आला. मी बसलेच नाही. माझ्या गुडघ्याखालून तो मागं गेला, तिसऱ्या बेसवर थांबलेली त्यांची पोरगी धावत येऊन होमला पोचली. बरोबरी झाली. पंच म्हणाले, "कॅचर, खाली बसा." मला बसवेना. सुमनचा रिकामा बाक डोळ्यापुढं येत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या जागी कळलं.

बाईंनी पंचांकडून वेळ मागून घेतला आणि तरातरा निघाल्या. मला वाटलं मला बोलायला येताहेत. त्या माझ्या बाजूनं निघून गेल्या, गर्दीत घुसल्या आणि बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी खांद्यावरचा गुंड सारखा केला आणि मैदानाकडं पाठ करून उभे राहिले.

बाई परत आल्या. "बस आता," म्हणाल्या. "तुये बाबा नाही पाहून राहिले."

मी बसले. बसता आलं. पण चेंडू येण्याआधी प्रत्येक वेळी माझी मान मागं वळायची. सगळी गर्दी इकडं तोंड करून, आणि मधोमध एकटा माझा बाप रस्त्याकडं तोंड करून. शाळेत उभं राहायची शिक्षा झालेल्या पोरासारखा. दोघं-तिघं त्यांना कोपरानं ढोसून काही विचारत होते, हसत होते. गावात पंचायतीला ज्याला मान देऊन बोलावतात तो माणूस, भर भंडाऱ्यात, परक्या लोकांच्या हसण्यात, माझ्यासाठी पाठमोरा उभा होता. उकिडवं बसायची माझी लाज कुठल्या कुठं गेली आणि तिच्या जागी ही आली. ही कितीतरी जड होती.

आम्ही पुन्हा एक रन काढला. मग शेवटचा डाव. त्यांची एक पोरगी दुसऱ्या बेसवर, दोघी आऊट. त्यांच्या तगड्या पोरीनं चेंडू उंच मारला, आणि तो नेमका गेला राईट फील्डला. कुंदाच्या हातून तो आधी सुटला, गवतात पडला. तिनं उचलला आणि सगळा जीव एकवटून फेकला. एक टप्पा घेऊन तो माझ्याकडं आला. ती पोरगी धुरळा उडवत अंगावर येत होती. मी होमवर आडवी पडले, वाकळेवर तिची लाथ बसली, आणि हातातला चेंडू मी तिच्या पायाला लावला.

"आऊट!"

असा आवाज झाला की झाडावरचे कावळे उडाले. पोरी माझ्या अंगावर पडल्या. कुंदाचा तापट भाऊ टोपी उडवत होता. बाई एका जागी उभ्या राहून शिट्टी वाजवत होत्या, वाजवतच होत्या. मी पोरींच्या पायांमधून मागं पाहिलं. आवाजानं बाबांचे खांदे दचकले होते. एक हात थोडा वर आला, मानही किंचित हलली, आणि पुन्हा सरळ झाली. ते तसेच, रस्त्याकडं पाहत.

मी आयुष्यात त्याहून चांगलं काही केलेलं नाही. पोरं वाढवली, नोकरी केली, घर बांधलं, ते सगळं लोक करतात. ती एक गोष्ट माझी होती, आणि ती दहा-बारा हातांवरून माझ्या बापाला दिसली नाही.

परतीच्या एस.टी.त बाई पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. बाबा माझ्या बाजूला बसले, गुंड पायांमध्ये. मी माझ्या धुळीनं भरलेल्या गुडघ्यांवर ओढणी ओढून बसले होते आणि शाळेतून काढायचं आता कधी निघतं याची वाट पाहत होते.

"नागपूरले कवा जा लागते?" बाबांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात," मी म्हणाले.

"जा मंग." मग म्हणाले, "बाईनं मले सांगतलं. पोरीले तुमची लाज वाटून राह्यली जी, म्हणे. तुम्ही पाह्यलं का ती हारते. खेळ सरेवर पाठ करा."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"आखरीले लय मोठा आवाज आला. कायचा होता?"

मला सांगता आलं नाही. बाबांना वाटलं, सांगण्यासारखं काही नसेल. त्यांनी गुंडाचं पोतं जरा बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "मले लय वाटलं पाहाव म्हणून. पण बाईले हो म्हणलो होतो. एकही खेप नाही वळलो."

ते हे अभिमानानं सांगत होते. करडी येईपर्यंत मला मान वर करता आली नाही.